खालून कापलेली लादी

१

तळं तसं खोटंच होतं. आखातातल्या मुऐदरच्या पुढे मोठ्या रस्त्याला लागून एक मॉल, मॉलच्या पाठीमागे विमान मावेल एवढा हॉल आणि हॉलमध्ये बारा महिने उणे आठ डिग्री. चाळीस मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद, अडीच मीटर खोल पाणी आणि त्यावर फूटभर जाड बर्फ. बाहेरच्या बोर्डावर ‘विंटर लेक’ असं लिहिलेलं होतं. आत राबणारी माणसं नुसतं ‘फ्रीजर’ म्हणायची.

लोक तिथं भाल्यानं मासे मारायला यायचे. थंड देशांत माणसं गोठलेल्या तळ्याला चौकोनी भोक पाडतात, त्यावर काळा तंबू टाकून अंधारात बसतात आणि खालच्या उजेडात मासा सरकला की भाला सोडतात. त्याचीच ही नक्कल. तळाला हिरवे दिवे, रुळावर फिरणारे रबरी मासे, दोरीला बांधलेला बोथट भाला. पाण्याखाली माणूस उतरायचा प्रश्नच नव्हता. तशी सोयच ठेवलेली नव्हती.

अनुजा इथली सेफ्टी ऑफिसर होती. वय चोवीस, शिक्षण सांगलीच्या कॉलेजात. मागून कुणी हाक मारली तरी हातातली फाइल खाली पडायची, इतकी ती दचकायची. ऑफिसात त्यावरून विनोद चालायचे आणि तिलाही ते ऐकून घ्यायची सवय झाली होती. पण नियमांचा विषय निघाला की तिचा आवाज बदलायचा. भित्र्या माणसालाच नियमांची खरी किंमत कळते, असं तिचं म्हणणं होतं. धीट माणसं मेल्यावरच कळून घेतात.

नियम सोपे होते. भोक पाडायचं ते सकाळीच, दोघांनी मिळून. बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधल्याशिवाय बर्फावर पाय नाही. कापलेली लादी शंभर किलोची, तेव्हा ती उचलायची नाही. मोठ्या चिमट्यानं पकडून तिरक्या फळीवरून ओढायची आणि ओढताना तिच्या उताराच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. भोकाच्या चारी कोपऱ्यांना लाल झेंडा. दर आठवड्याला जागा बदलायची, जुन्या भोकात त्याचीच लादी परत बसवायची आणि ती पुरती गोठेपर्यंत झेंडे हलवायचे नाहीत. कारण ताज्या बुजवलेल्या भोकाइतकी फसवी जागा बर्फावर दुसरी नसते. दिसायला सगळं सारखंच.

त्या बुधवारी ती तीन दिवसांनी परत आली होती. कंपनीनं ट्रेनिंगला रास लफानला पाठवलं होतं. सकाळी पावणेसहाला, बाहेर ऊन तापायच्या तयारीत असताना, ती जाड कोट चढवून आत शिरली आणि सवयीनं झेंडे मोजू लागली.

तीन भोकं म्हणजे बारा झेंडे.

सोळा भरले.

२

चौथा चौकोन पार पलीकडच्या कोपऱ्यात होता, जिथं अजून कधी भोक पाडलंच नव्हतं. चार झेंडे, नीट, दोरी धरून लावल्यासारखे. मध्ये मात्र नुसता साधा बर्फ.

“शहाजीकाका!” तिनं हाक मारली. हॉलमध्ये आवाज फार घुमायचा. स्वतःच्याच आवाजानं ती थोडी दचकली. “हे कुणी केलं? परमिट कुठाय?”

शहाजी पन्नाशीचा, माणदेशातला. इथं यायच्या आधी अकरा वर्षं अल वक्र्याच्या कोळ्यांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात त्यानं लाद्या ओढल्या होत्या. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना थंडी कळत नव्हती आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. तो करवत खांद्यावर टाकून सावकाश आला. मागं त्याचा जोडीदार बाबू, चिमटा ओढत.

“झेंडं म्या लावलं, मॅडम. भोक माझं न्हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजी भोक दिसलं, म्हणून खूण केली. ऐतवारी झाडताना झाडूला रेघ लागली. बघतोय तर चौकोन. वली रेघ.”

“आणि कुणी कापलं ते?”

“त्ये काय म्हाईत.”

“मग झेंडे कशाला लावले? आधी मला कळवायचं!”

शहाजीनं तिच्याकडे असं पाहिलं, की हिला एवढंही कसं कळत नाही. “कुणाचं का असंना. भोक दिसलं की खूण करायची. आमच्यात ज्याच्या नजरंला पडलं त्येचं काम. उद्या कुणी गेलं आत, तर कापणाऱ्याला न्हाय, बघून गप बसणाऱ्याला पाप लागतंय.”

“तुम्ही नव्हतात,” बाबू म्हणाला. “मयूर साहेबांना ऐतवारीच सांगितलं. ते म्हणले, फोटोत झेंडे वाईट दिसतात, काढा. आम्ही न्हाई काढले, तर साडेनऊला त्यांनीच उपटले. सोमवारी शहाजीनं परत लावले, त्यांनी परत उपटले. कालबी तेच. आज पहाटं परत लावलेत.”

“असली झेंडावंदनं चाललीत इथं रोज,” शहाजी म्हणाला.

अनुजाला हसू आलं नाही. तिच्या कानशिलांत गरम व्हायला लागलं होतं, उणे आठ डिग्रीत. तीन दिवस! तीन दिवस एका माणसानं खूण लावायची आणि दुसऱ्यानं, ऑपरेशन्स मॅनेजर म्हणवणाऱ्यानं, ती उपटायची. आणि हॉलभर सिनेमातली बर्फाची गाणी वाजत राहायची.

तिनं गुडघ्यावर बसून हातमोज्यानं बर्फ पुसला. रेघ होती. दोन फूट बाय दोन फूट, चार कोपरे काटकोनात. करवत चालवलेली स्पष्ट कळत होती, मधूनमधून दात उमटलेले.

“उचला बघू,” ती म्हणाली.

“न्हाय उचलत. बघितलंय आमी.” शहाजीनं बाबूच्या हातून पहार घेतली. “तुमी मागं व्हा. अजून मागं. आता बघा.”

त्यानं पहारीचं टोक चौकोनाच्या मधोमध टेकवलं आणि दाबलं. फार जोर नव्हता. दारावरची घंटा दाबावी इतपत.

लादी खाली गेली.

आवाज न करता, तिरकी न होता, अख्खी लादी बर्फाच्या पातळीखाली उतरली आणि तिच्यावर काळं पाणी चढलं. शहाजीनं पहार काढून घेतली. लादी तशीच सावकाश वर आली आणि आपल्या जागी बसली. टक्. रेघेतून थोडं पाणी वर आलं, आणि पाहता पाहता त्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा धरला.



“आमी कापतो तवा करवत आत तिरकी धरतो,” शहाजी म्हणाला. त्यानं तळहात एकावर एक तिरके धरून दाखवले. “लादी वरनं रुंद, खालनं निमुळती. पाचरीगत. मग ती वर वडता येती, परत ठिवली तर बसती, वर हत्ती हुबा ऱ्हायला तरी खाली जात न्हाय. हिला उलटं कापलंय. वरनं निमुळती, खालनं रुंद. वर कधीच यायची न्हाय ही. खालीच जाणार.”

“पण असं कशाला कुणी...”

“असं वरनं कापताच येत न्हाय, मॅडम. हात पोचत न्हाय. करवतीची मूठ खाली पायजे.”

३

मयूरच्या केबिनमध्ये हीटर होता आणि वेलची घातलेल्या दाट करक चहाचा थर्मास. तो पुण्याचा, अडतिशीचा, कायम हसतमुख. सगळ्यांना ‘बॉस’ म्हणायचा आणि कुणालाच बॉस मानायचा नाही.

“ये अनुजा, बस. कसं झालं ट्रेनिंग? शिकलीस ना घाबरायचं सर्टिफिकेटसकट?”

“सर, त्या चौथ्या भोकावर माणसाचा पाय पडला तर तो आत जाईल. आणि लादी हलकी म्हणून परत वर येईल. झाकण बसेल वरून. बाहेरून कळणारसुद्धा नाही की इथं कुणी होतं.”

हे बोलता बोलताच तिला ते पहिल्यांदा नीट कळलं, आणि तिचे हात टेबलाखाली एकमेकांत गेले.

“एक्झॅक्टली! म्हणूनच मी ॲक्शन घेतलीय.” त्यानं एक कागद तिच्यापुढं सरकवला. “वाच. खाली तुझी सही हवी.”

रिपोर्ट छापून तयार होता. विनापरवाना कापकाम. जबाबदार व्यक्ती: शहाजी. धोका दूर केला, खुणा काढल्या, जागा सुरक्षित. कामगारास शुक्रवारच्या विमानाने परत पाठवण्यात येत आहे.

तिनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली.

“काकांनी नाही केलं हे.”

“कॅमेरा बघ ना. चारही दिवसांचं रेकॉर्डिंग आहे. रात्रभर बर्फावर कुणी नाही, चिटपाखरू नाही. सकाळी शहाजीशेठ येतात आणि झेंडे लावतात. भोक कुठं आहे ते त्यालाच बरोबर माहीत. झेंडे त्याचे म्हणजे भोक त्याचं. सिंपल.”

“त्यांनी खूण केली म्हणून?”

“मग काय तर!”

“गप्प बसले असते तर?”

“तर मला कळलंच नसतं,” मयूर हसला. “प्रामाणिक माणूस आहे, मान्य. पण कुणाचं तरी नाव लागतं गं कागदावर.”

अनुजानं त्याच्याच पेननं कागदाच्या पाठीवर चौकोन काढला. आधी निमुळता खाली, मग निमुळता वर. कुठल्या बाजूनं करवत चालली तर कसा तिरका काप येतो, हे तिनं बाण काढून समजावलं. कॉलेजातल्या तोंडी परीक्षेत व्हायचा तसा तिचा आवाज चिरकत होता. मयूर डोकं हलवत राहिला. लहान मुलीनं काढलेलं चित्र बघावं तसा.

“म्हणजे कुणीतरी पाण्याखाली बसून कापलं, असं तुझं म्हणणं.”

“मी फक्त कापाचा कोन सांगतेय.”

“ऐक. आज दहाला शाळेची बस येतेय. ऐंशी पोरं. पलीकडची दोरी काढून सगळं तळं त्यांना मोकळं द्यायचंय. सही झाली की गेट उघडतं, नाही झाली तर नाही. तू नऊ वाजेपर्यंत शांतपणे विचार कर. एसी सुरू झाला तरी दचकतेस तू, अनुजा. सगळे बघतात. असल्या माणसाच्या ‘मला वाटतं’वर बिझनेस बंद ठेवायचा का?”

ती बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये फोन वाजला, आई. आई म्हणजे अलका टीचर, सांगलीत रोज सकाळी पूजा आटोपली की लेकीला फोन. “आवाज असा का गं?” आईनं विचारलं. अनुजानं थोडक्यात सांगितलं. “जाऊ दे,” आई म्हणाली, “सगळं आपल्याच अंगावर घेऊ नये. वर्षभरच काढायचंय तिथं.”

“मग कुणाच्या अंगावर जाऊ दे, आई?” ती म्हणाली आणि फोन ठेवला. आईशी असं बोलल्याचंही तिला नंतर वाईट वाटलं नाही, इतका राग आला होता.

४

राग म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला समजत होतं. तिनं स्वतःलाच बजावलं: बर्फ ताणानं चिरतो. कधी कधी सरळ रेषेत चिरतो. काटकोनातही चिरत असेल. करवतीचे दात म्हणजे कदाचित पाइपांची कंपनं. लादी उलटी निमुळती, तर शहाजीकाकांनीच आधी एक लादी काढून, उलटी करून... पण फूटभर जाडीची उलटी पाचर वरून आत बसेलच कशी? तिनं मनातल्या मनात चारदा लादी फिरवून पाहिली. चारही वेळा ती अडकली.

बघायचं तर खालून बघायला हवं होतं. खालची बाजू फक्त तंबूतून दिसायची.

चौथ्या चौकोनाला सगळ्यात जवळचा तंबू पंधरा पावलांवर होता. शहाजी आणि बाबूनं तिथलं भोक नुकतंच उघडलं होतं. लादी फळीवरून ओढून बाजूला उभी केलेली, तिच्यावरचं पाणी गोठत चाललेलं. अनुजा आत शिरली आणि पडदा लावून घेतला. अंधार झाला. पायाशी तेवढा हिरवा चौकोन पेटला. ती पोटावर आडवी झाली आणि तोंड पाण्याजवळ नेलं.

तळ अगदी स्वच्छ दिसत होता. टाइल्स, दिवे, रूळ. एक रबरी मासा गेला, मग दुसरा. त्यांच्या सावल्या तळावरून सरकत गेल्या. कोपऱ्याकडे पाहिलं, तिथंही हिरवा उजेड आणि रिकामं पाणी. कुठं लपायला जागाच नव्हती. तिला एकदम हलकं वाटलं, आणि लागलीच स्वतःची लाजही वाटली. बघ, काही नाही.

मग तिला आवाज ऐकू आला.

खर्र... खर्र. मध्ये श्वास घेण्याएवढी थांब. खर्र... खर्र. बर्फाला कान टेकलेला होता म्हणून ऐकू आला. नाहीतर आला नसता. पंखे असतील. रुळाची मोटर असेल. तिनं हात तंबूबाहेर काढून खूण केली; बाबूनं मोटरचं बटण बंद केलं. मासे थांबले. आवाज थांबला नाही.

“काका, करवत चालू आहे का तुमची?” ती आतून ओरडली.

“न्हाय. हितं खांद्यावर हाय.” त्याचा आवाज पडद्याला लागूनच आला.

पाण्यात काहीतरी पांढरं दिसलं. आधी तिला वाटलं डोळ्यांपुढं तारे चमकले. पीठ चाळताना उडावं तसं, बर्फाच्या खालच्या बाजूनं, कोपऱ्याकडून तिच्याकडे, बारीक भुसा तरंगत येत होता. येऊन तिच्याच भोकात वर जमा होऊ लागला. तिनं हातमोजा काढून ओंजळीत घेतला. बर्फाचा भुसा. करवतीखालून सांडतो तसला, ताजा, दाणेदार. बर्फ तरंगतो, खाली सांडलेला भुसा वरच येणार.

तिनं पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. हिरवं, रिकामं पाणी.

रिकाम्या पाण्यातून भुसा येत होता.

ती मागं सरकली, पडद्यात अडकली, धडपडत बाहेर आली. शहाजीनं तिला दंडाला धरून उभं केलं. तिची ओंजळ अजून मिटलेलीच होती. तिनं ती उघडून दाखवली. त्यानं एक चिमूट उचलून बोटांत चोळली. ज्या बोटांना थंडी कळते त्या.

“बारीक दाताची हाय,” तो म्हणाला. “आपली न्हवं.”

५

पावणेनऊला मयूर स्वतः बर्फावर आला. बुटांना पट्ट्या नव्हत्या. हातात रिपोर्ट अडकवलेली पाटी, ओठांवर शीळ.

“सर, पट्ट्या!” अनुजा ओरडली.

“रिलॅक्स बॉस, दोन मिनिटांचं काम.” त्यानं कोपऱ्यातला पहिला झेंडा उपटला. “शहाजीशेठ, बॅग भरली का?”

  अनुजा बर्फावरून चालत गेली आणि त्याच्या समोर उभी राहिली. चौकोन दोघांच्या मध्ये.

“तो ठेवा परत.”

“काय?”

“झेंडा ठेवा परत. एक माणूस तुम्हाला चार दिवस ओरडून सांगतोय इथं भोक आहे, आणि तुम्ही त्यालाच घरी पाठवताय. तुम्ही लावला असतात एकतरी झेंडा? कधी? कुणासाठी?”

“आवाज खाली, अनुजा.”

“नाही करणार. मला भीती वाटते, सर, रोज वाटते. म्हणून मी बघते तरी. तुम्हाला काय झालंय न बघायला?”

मयूरनं दुसरा झेंडा उपटला, तिसरा उपटला, तिच्याकडे बघत बघत. चौथ्याकडे वळताना तो एक पाऊल मागं सरला, चौकोनापासून लांब, जिथं बर्फ अखंड होता, काल झाडलेला, काचेसारखा. खालचा हिरवा उजेड त्यातून वर येत होता. आणि तिथं, त्याच्या दोन बुटांच्या मध्ये, बर्फाखाली एक बुडबुडा आला.

हवा बर्फाखाली अडकली की चपटी होते. हा पसरला, ताटाएवढा झाला, थांबला. त्याच्या शेजारी दुसरा आला. थांबला. मग तिसरा. त्यांच्यामधलं अंतर अनुजाच्या ओळखीचं होतं, पण कशामुळं ते तिला आधी कळेना. मग कळलं. ती स्वतः श्वास सोडत होती तेवढंच ते अंतर होतं.

“सर,” ती अगदी हळू म्हणाली. “हलू नका. खाली बघा.”

मयूर हसतच खाली बघू लागला.

त्याच्या डाव्या टाचेमागून, वीतभर अंतरावर, बर्फातून करवतीच्या पात्याचं टोक वर आलं. बोटभर. चमकलं, खाली गेलं. परत वर आलं, केसभर पुढं. घाई नव्हती. रोजचं काम करणाऱ्या माणसाची ती चाल होती. टोक त्याच्या टाचेला वळसा घालू लागलं. आणि बुडबुड्यांच्या खाली, जिथं करवतीची मूठ असायला हवी होती तिथं, हिरव्या उजेडात एक लांबट जागा बाकीच्या पाण्यापेक्षा जराशी काळी होती. अनुजानं तिकडं पाहिलं, आणि त्या जागेनं काम थांबवलं.

सगळं थांबलं. पातं बर्फात तसंच उभं राहिलं.

शहाजीनं फळी फेकली. मयूर तिच्यावर आडवा पडला, आणि शहाजी नि बाबूनं मिळून ती फळी ओढली. लादी ओढतात तशीच, उताराच्या बाजूला कुणी न थांबता. काठावर पोचल्यावर मयूर उठून बसला. त्याचे दात वाजत होते. त्यानं मागं वळून पाहिलं. पातं गेलं होतं. बर्फावर अर्धा वळसा रेघ तेवढी होती.

“बघितलंत,” अनुजा म्हणाली.   “आता बघितलंत ना तुम्ही.”

मयूरनं मान हलवली. हो. बघितलं.

मग त्यानं पाटी मांडीवर घेतली. पेन दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा त्यानं ते मुठीत धरलं आणि ‘जबाबदार व्यक्ती’समोरच्या नावाखाली, छापील ‘शहाजी’खाली, आपली सही केली.

“काय करताय?” तिला खरंच कळेना. “तुम्ही पाहिलंत ते!”

“पाहिलं म्हणून काय लिहू?” तो खालच्या आवाजात म्हणाला. “काय लिहू सांग ना. नाव लागतं. कंपनीला नाव लागतं.”

शहाजी जवळच उभा होता, फळीचं एक टोक अजून हातात. त्यानं सगळं ऐकलं.  मग त्यानं फळी नीट भिंतीला लावून ठेवली, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून.

६

सेफ्टी ऑफिसरला कंपनी एक कुलूप देते. ज्याचं कुलूप त्याच्याच हातून ते निघतं. मालक आला तरी दुसऱ्यानं काढायचं नसतं, असा सगळ्या कारखान्यांतला कायदा. अनुजानं नऊ वाजता तळ्याच्या गेटला आपलं कुलूप घातलं, त्याला आपला फोटो आणि नाव असलेली चिठ्ठी अडकवली आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली. मग बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, गेटला पाठ लावून, फरशीवर बसली.

“माझी सही नाही,” ती मयूरला म्हणाली. “आणि माझी सही नसेल तर गेट नाही.”

तो ओरडला. फोनवर कुणाकुणाशी बोलला, तिच्याविषयी, तिच्यासमोरच. “हिस्टेरिकल आहे सर ती.” दहाला शाळेची बस आली, पंधरा मिनिटं घरघरली आणि ऐंशी पोरांना घेऊन परत गेली. साडेदहाला मयूर म्हणाला, की शुक्रवारच्या विमानात एकाऐवजी दोन सीट्स होतील. ती म्हणाली, होऊ देत. त्यानंतर तो केबिनमध्ये गेला. दार लावलं. आत तो खुर्चीवर पाय वर घेऊन बसलाय, असं बाबूनं काचेतून बघून सांगितलं.

अनुजानं मांडीवर कोरा फॉर्म घेतला.  जबाबदार व्यक्ती, या रकान्यात तिनं लिहिलं: शहाजी यांनी हे काम केलेले नाही. त्यांनी फक्त खूण केली. खूण काढणाऱ्याचे नाव मयूर. खाली सही केली. मग ‘काय पाहिले’ हा मोठा रकाना सुरू केला.

शहाजी तिच्याशेजारी उकिडवा बसला होता. कागदावरची एक ओळ त्यानं बोट फिरवून वाचली आणि नाक ओढलं.

“लई झालं, पोरी. आता ऊठ हितनं.”

“तुमच्या नावाचं मिटेपर्यंत नाही उठणार.”

“त्यापायी न्हाय म्हणत.” तो वाकला आणि कान फरशीला लावला. त्याचा चेहरा काम करताना व्हायचा तसा झाला, एकाग्र, थोडा कौतुकाचासुद्धा. “हितं खाली काय हाय?”

“काही नाही. काँक्रीट. मग वाळू. तळं त्या बाजूला संपतं, काका. भिंत आहे मध्ये.”

“हात चांगला बसलाय त्येचा,” तो म्हणाला.

तिनं श्वास रोखून ऐकलं. खर्र... खर्र. मध्ये थांब. ती थांब जरा लांबली होती, कारण तिनं श्वास रोखला होता. तिनं श्वास सोडला, आणि खालचं काम पुन्हा सुरू झालं.

तिच्या डाव्या गुडघ्याजवळ, दोन फरश्यांच्या सांध्यातून, पाण्याची बारीक रेघ वर आली. तिनं बोट लावलं. गार होतं, आतल्यासारखं गार. रेघ सांध्यासांध्यानं पुढं गेली, कोपऱ्यावर आली आणि काटकोनात वळली.

तिला ओरडायचं होतं. ओरडली नाही. शेवटचा शब्द नीट वाळला आहे का ते तिनं पाहिलं, कागद उचलून छातीशी धरला, एक फरशी बाजूला सरकून परत गेटला पाठ लावली आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.